माळावरच्या चार खुंट्या

"फुकट?" कोंडाजीने तिसऱ्यांदा विचारलं.

"व्हय, फुकट," सरपंच अर्जुनरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं. "पुण्याची पोरं हायती. कालेजात शिकत्यात. दिवाळीच्या सुट्टीत येऊन आपली घरं बांधून देणार. श्रमदान म्हंत्यात त्याला."

"आनि जेवन?"

"शिधा त्यांचा त्यांनीच आणलाय."

हे ऐकून मात्र कोंडाजीच्या मनात जी थोडीफार शंका होती ती गेली, आणि तिथे पक्की खात्री येऊन बसली. फुकट राबणारा माणूस एक वेळ वेडा असू शकतो. पण फुकट राबतो आणि वर घरचं खातो, म्हणजे तो नक्की सरकारी माणूस असणार.

थेरगावाच्या पुढे पवनेच्या काठाला उंबरवाडी म्हणून पन्नास-साठ उंबऱ्यांचं गाव. स्वराज्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. त्या साली श्रावणात पवनेला असा पूर आला, की खालच्या आळीतली चौदा घरं पाण्याबरोबर गेली. कोंडाजीचंही गेलं. नदीकाठच्या मळ्यावर कमरेएवढी वाळू बसली. आता त्याच्याजवळ उरली होती ती एक म्हैस, बायको सोजराबाई, आणि गावाच्या वरच्या अंगाला, सडकेला लागून असलेली माळावरची तीन एकरांची पट्टी. तीन महिने नवरा-बायको मारुतीच्या देवळाच्या ओवरीत राहत होती आणि म्हैस ओवरीच्या पायरीशी. पौषात लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला तळेगावाहून येणार होती, आणि पहिलटकरणीला देवळाच्या ओवरीत कुठं निजवायचं या काळजीने सोजराबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कोंडाजीला वेगळीच काळजी होती. त्याचा मेहुणा पिंपरीकडचा. चार वर्षांमागे त्याच्या शेतात अशीच गोड बोलणारी माणसं आली होती. त्यांच्यापाशी टेप होती, तीन पायांवरची दुर्बीण होती, तांबड्या टोकाच्या खुंट्या होत्या. मेहुण्याने त्यांना उसाचा रस पाजला. दुसऱ्या वर्षी त्या जागी कारखान्याचं कुंपण उभं राहिलं, आणि मेहुणा त्याच कुंपणाच्या फाटकावर खाकी टोपी घालून पहारेकरी म्हणून उभा राहिला. तो काही दुःखात नव्हता. त्याला पगार होता, साबण मिळत होता. पण आपल्याच शेतात शिरायला त्याला बिल्ला दाखवावा लागे, आणि ही गोष्ट कोंडाजीच्या काळजात रुतून बसली होती. त्या दिवसापासून त्याने मनाशी ठरवलं होतं: जिथे खुंटी, तिथे जमीन गेली.

सोमवारी सकाळी पोरं आली. चाळीस जण होती. खाकी अर्ध्या चड्ड्या, डोक्याला रुमाल, खांद्यावर फावडी. शाळेत त्यांनी मुक्काम टाकला आणि गाणी म्हणत ती माळावर गेली. कोंडाजी म्हैस चारायच्या निमित्ताने त्यांच्या मागोमाग निघाला. माळावर पोचून पाहतो तर काय, एका चष्मेवाल्या पोराने पेटी उघडली आणि तीन पायांवर दुर्बीण उभी केली.

कोंडाजी म्हशीला तिथेच सोडून दुर्बिणीपाशी गेला.

"ही कशापायी?" त्याने विचारलं.

"लेव्हल घ्यायला, काका," चष्मेवाला म्हणाला. त्याचं नाव दिवेकर. तो या तुकडीचा म्होरक्या होता आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. खरं म्हणजे दोन खणांचं घर बांधायला दुर्बिणीची काहीच गरज नव्हती. पण कॉलेजातून मोठ्या मिनतवारीने ती मिळवली होती आणि आता ती वापरल्याशिवाय परत नेणं त्याच्या जिवावर आलं होतं. "तुमचं नाव काय?"

"का?"

"यादीत लिहायला."

"कसली यादी?"

"घरांची. घरात माणसं किती?"

"मोजून कुटं न्येनार हाय का?" कोंडाजी म्हणाला. पण तोवर अर्जुनराव मध्ये पडले आणि त्यांनी सांगून टाकलं, "हे कोंडाजी. लिंबाच्या अलीकडं ह्यांची पट्टी, पलीकडं ह्यांच्या चुलतभावाची, भिमाजीची. दोघांचीबी घरं बसलीत. आदी ह्यांचं आखा, मंग त्याचं."

दिवेकरने दुर्बिणीला डोळा लावला, हात वर-खाली केले, आणि त्याच्या जोडीदाराने, सबनीसने, लिंबाच्या अलीकडे चार खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीच्या टोकाला तांबडा रंग होता. कोंडाजीने तो पाहिला आणि त्याला मेहुण्याची खाकी टोपी आठवली.

"हे बघा काका, ही तुमच्या घराची जागा," दिवेकर कौतुकाने म्हणाला. "उद्यापासून पाया खणायला घेऊ."

"बरं बरं," कोंडाजी म्हणाला. पिंपरीलाही आधी 'नुसतं बघून जातो' असंच म्हणाले होते.

बरोबर बारा वाजता शिट्टी झाली. चाळीसच्या चाळीस पोरं फावडी तिथेच टाकून शाळेकडे पळाली. पंगतीला सगळ्यांनी एकदम बसायचं आणि दोन वाजता एकदम उठायचं, असा त्यांच्या शिबिराचा नियम होता. दोन तास माळावर कोंडाजी, त्याची म्हैस आणि चार खुंट्या एवढेच उरले.

कोंडाजी काही दांडगा माणूस नव्हता. खुंट्या उपटून नदीत फेकाव्यात असं त्याच्या एकदा मनात आलं, पण सरकारी वस्तूची नासधूस झाली तर फौजदार येतो हे त्याला ठाऊक होतं. नुसत्या जागेवरून हलवल्या तर मात्र कोणाचंच नुकसान नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पहिली खुंटी उपटली, सरळ पूर्वेला वीस पावलं मोजली आणि ठोकली. दुसरीही तशीच वीस पावलं. तिसरी, चौथी. अंतर कमी-जास्त होऊ दिलं नाही, कारण मोजणीत चूक निघाली तर लोक पुन्हा मोजायला येतात. जुन्या भोकांत माती भरून त्याने वरून पाय फिरवला आणि म्हशीला त्यावर उभी केली.

वीस पावलांवर लिंबापलीकडे भिमाजीची पट्टी होती. त्याचं कोंडाजीला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. चुलतभावांमध्ये बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. भांडण दोन हातांच्या बांधाचं होतं. बांध लिंबाच्या बुंध्यातून जायचा की बुंध्याच्या अलीकडून, यावर दोघांची मतं जुळत नव्हती, आणि या वर्षीच्या पावसाने तो बांधच वाहून नेल्यामुळे आता दोघांनाही आपलं खरं म्हणायला मोकळीक मिळाली होती.

दोन वाजता पोरं आली. सबनीस थबकला.

"दिवेकर, सकाळी लिंब आपल्या उजव्या हाताला होता ना?"

"असेल. का?"

"आता डावीकडे आहे."

दिवेकरने खुंट्यांमधली अंतरं मोजली. ती अगदी बरोबर भरली. "आकृती बिनचूक आहे," तो म्हणाला. "तू उलट्या बाजूला तोंड करून उभा होतास." सबनीसचा दुर्बिणीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त विश्वास होता, पण तो पहिल्या वर्षाला होता, म्हणून गप्प बसला.

मंगळवारी सकाळी कोंडाजी निश्चिंत मनाने माळावर गेला आणि जागच्या जागी उभा राहिला. चारही खुंट्या त्याच्या पट्टीत होत्या. नेमक्या जुन्या जागी.

आता एखाद्या साध्या माणसाला वाटलं असतं की आणखी कोणीतरी त्या हलवल्या. भिमाजीनेच त्या हलवल्या होत्या. सोमवारी संध्याकाळी पोरं गेल्यावर तो आपली पट्टी बघायला आला, आणि आपल्या जमिनीत तांबड्या टोकाच्या खुंट्या पाहून त्याने त्या मुकाट्याने चुलतभावाकडे परत केल्या. पिंपरीचा मेहुणा कोंडाजीचा असला तरी त्याची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. पण कोंडाजीच्या मनात भिमाजी आलाच नाही. त्याला वाटलं, पोरं आपल्याला ओळखून चुकली.

"लई पोचलेली हायत," तो सोजराबाईला म्हणाला. "तोंडानं काय बोलली न्हाईत. गुमान खुंट्या परत आणून ठोकल्या."

"कुणाच्या खुंट्या? तुमी काय केलंत?"

"काय न्हाई. म्या काय करतोय?"

"त्या पोरांच्या कामात ढवळाढवळ करू नगा, सांगून ठेवते. हौसाचे दिस भरत आल्यात."

कोंडाजी हो म्हणाला, आणि बाराच्या शिट्टीला म्हैस घेऊन पुन्हा माळावर हजर झाला. पुन्हा वीस पावलं. संध्याकाळी भिमाजीने पुन्हा परत केल्या. पोरं आधी गावातल्या छबूबाईचं घर उभं करण्यात गुंतली होती, त्यामुळे इथला पाया खणणं लांबत गेलं, आणि बुधवारीही तोच प्रकार झाला. फरक एवढाच, की बुधवारी संध्याकाळी भिमाजीचं काम अर्धं झालेलं असताना सडकेवर तलाठ्याची सायकल दिसली, आणि त्याने घाईघाईत दहाच पावलांवर खुंट्या ठोकून काढता पाय घेतला. त्यामुळे गुरुवारी उजाडताना त्या चार खुंट्या बरोबर लिंबासमोर, दोन अलीकडे आणि दोन पलीकडे, अशा उभ्या होत्या. आणि त्याच दिवशी सकाळी दिवेकर खाली छबूबाईच्या घरावर पत्रे चढवायला गेलेला असताना, दुसऱ्या तुकडीतल्या पंधरा उत्साही पोरांनी खुंट्या दिसल्या तिथे दोरी बांधून पाया खणून टाकला. चांगला चार फूट खोल, खडक लागेपर्यंत.

दिवेकर परत आला तेव्हा त्याने वही काढली. सोमवारपासून तो रोज दुर्बिणीतून खुंट्यांची जागा टिपत होता. आकडे पाहता पाहता त्याचा चेहरा बदलत गेला.

"सबनीस," तो हळूच म्हणाला, "जमीन सरकतेय."

"काय?"

"हे बघ. सकाळी पश्चिमेला, दुपारी पूर्वेला. रोज. पुराचं पाणी मुरलेलं आहे, दुपारी उन्हाने जमीन तापते, माती एका अंगाला ढकलली जाते, आणि थंडाव्याने परत मागे येते."

"अरे, पण लिंब जागच्या जागी आहे."

"लिंबाची मुळं खोल असतात. वरचाच थर सरकतोय."

"आणि चारही खुंट्या एकाच मापाने सरकतात?"

"तेच तर विलक्षण आहे!" दिवेकर म्हणाला. आनंदाने त्याचा चष्मा नाकावरून घसरला होता. त्याने त्याच दुपारी पुण्याला निरोप धाडला.

शुक्रवारी खांबेटे सर आले. ते कॉलेजात माती हाच विषय शिकवत. त्यांनी वही पाहिली, खड्ड्यात उतरले, मातीचं ढेकूळ फोडून हुंगलं आणि चिमूटभर माती कापडाच्या पिशवीत घातली. कोंडाजी म्हशीआड उभा राहून बघत होता. पिंपरीलाही माती पिशवीत घालूनच नेली होती. आता काही खरं नाही, असं तो मनाशी म्हणत होता, तेवढ्यात सर वर आले आणि अर्जुनरावांना म्हणाले, "सरपंच, या दोन पट्ट्यांवर घरं बांधता येणार नाहीत. जमीन अस्थिर आहे. मी आजच अहवाल पाठवतो. बाकीची बारा घरं पुरी करू, ही दोन राहू द्या."

कोंडाजीला वाटलं, उठून नाचावं. जमीन वाचली! दुर्बीण गेली, खुंट्या गेल्या, बला टळली. तो म्हशीला घेऊन जवळजवळ धावतच देवळात आला आणि सोजराबाईला सगळं सांगितलं. वीस पावलांचंही सांगितलं, कारण एवढी हुशारी एकट्याच्या पोटात मावत नव्हती.

सोजराबाईने हातातलं पीठ झटकलं. ती ओरडली नाही, आणि त्यामुळेच कोंडाजी घाबरला.

"चला," ती म्हणाली.

"कुटं?"

"छबूबाईकडं."

छबूबाई ही गावातली एकटी विधवा बाई. तिचं घर सगळ्यात आधी पुरं झालं होतं. दगडाच्या भिंती, वर पत्रे, दाराला कडी. आत चुलीवर भाकरी चालली होती. कोंडाजी उंबऱ्यातून आत शिरला आणि झडती घ्यावी तसा घरभर फिरला. भिंतीवर टिचकी मारली, दारामागे पाहिलं, कुठे सरकारी शिक्का, नंबर, पाटी काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं.

"छबूबाई, कागदावर आंगठा घ्येतला असंल?"

"न्हाई बा."

"मंग काय घ्येतलं?"

"भाकरी," छबूबाई म्हणाली. "कडी लावून झाल्यावर ती पोरं म्हनली, आजी, नव्या चुलीवरची पयली भाकर आमाला द्या. चाळीस जनांनी एका भाकरीचा येक येक तुकडा खाल्ला. येक पोरगं तर जाताना रडाय लागलं. त्याची आय लहानपनी गेली म्हनं." आणि छबूबाईने पदर डोळ्याला लावला.

कोंडाजी बराच वेळ त्या दाराची कडी काढत आणि लावत उभा राहिला. चांगली कडी होती. हाताला गार लागत होती. आपण तीन दिवस रोज दोनप्रहरी आपल्याच हाताने आपलं घर उचलून चुलतभावाच्या शेतात नेऊन ठेवत होतो, हे त्याच्या आता ध्यानात आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हौसाला काय सांगू?" सोजराबाई म्हणाली. "तुज्या बानं घर सरकवलं म्हनून?"

शनिवारी सकाळी कोंडाजी शाळेत सरांपुढे जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं या तयारीनेच तो आला होता, पण चाळीस पोरं भोवती जमली आणि धीर सुटला.

"सायेब, आमची जमीन न्हाई सरकत," तो म्हणाला. "वाडवडलापासनं एका जागी हाय."

"वहीत आकडे आहेत, बाबा."

"आकडे ऱ्हाऊ द्या. परत ठोकून बगा खुंट्या. हलल्या तर मी गाव सोडतो."

सरांनी विचार केला. उरलेला शिबिराचा आठवडा त्यांच्यापुढेही होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी चार खुंट्या ठोकतो. दुपारी दोनपर्यंत जागच्या जागी राहिल्या तर घर बांधू. पण पत्रे बाकीच्या घरांना वाटून आता एकाच घरापुरते उरलेत, हेही सांगून ठेवतो."

ही बातमी गावभर पसरायला अर्धा तास लागला. भिमाजीपर्यंत ती पोचली तेव्हा तिचं रूप असं झालं होतं: पत्रे एकाच घराचे, आणि उद्या दोन वाजता खुंट्या ज्याच्या जमिनीत असतील त्याचं घर. भिमाजीची बायको कौशल्याबाई हिनेही छबूबाईच्या दाराची कडी बघितली होती. भिमाजीचं बिऱ्हाडही ओवरीच्याच दुसऱ्या टोकाला होतं; तिथे तिने नवऱ्याला काय सुनावलं ते या टोकाला सोजराबाईला स्वच्छ ऐकू आलं, आणि दोन्ही टोकांचा मजकूर साधारण एकच होता.

रविवारी बाराची शिट्टी झाली. पोरं पंगतीला पळाली. कोंडाजी आज म्हशीशिवाय आला होता. तो लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून, चारही खुंट्यांवर डोळा ठेवून बसला. चार दिवस ज्या खुंट्यांना तो पाण्यात पाहत होता, त्यांची आता राखण करत होता. ऊन कलायला लागलं. त्याचा किंचित डोळा लागला असेल-नसेल, तोच ठक् ठक् आवाज आला.

भिमाजी पाठमोरा ओणवा होऊन, दगडाने ठोकून सैल केलेली खुंटी उपटत होता.

"ए!" कोंडाजी ओरडला. "काय करतो रं?"

चार वर्षांनी पहिला शब्द. भिमाजी दचकून तिथेच बसला. मग खुंटी उगारून म्हणाला, "तू काय करत हुतास सोमवारधरनं? माज्या जमिनीत कुनी ठोकल्या ह्या?"

"मी? ...म्हंजी माज्यात परत कुनी आनल्या?"

दोघांच्याही डोक्यात आठवड्याचा हिशेब हळूहळू जुळत गेला.

"रोज सांच्याला तू?" कोंडाजी म्हणाला.

"रोज दोनपारी तू?"

"मला वाटलं, पोरं आनत्यात."

"मला वाटलं, सरकार आनतंय," भिमाजी म्हणाला. "मंग आता ही खुंटी सोड. घर माजं."

"तुजं कसं? यादीत नाव माजं पयलं!"

कोंडाजीने खुंटीचं दुसरं टोक धरलं. ती दोन्ही पांढऱ्या मिशांची माणसं एक वीतभर लाकूड धरून लिंबाभोवती गोल गोल फिरू लागली. ओढाओढीत भिमाजीचा पाय पोरांनी खणलेल्या पायाच्या चरात गेला, आणि त्याने खुंटी सोडली नसल्यामुळे कोंडाजीही पाठोपाठ गेला.

रविवार म्हणून त्या दिवशी शिरा होता, आणि शिरा सरांना मानवत नसल्यामुळे ते दिवेकरला घेऊन लवकर निघाले होते. त्यांनी चराच्या काठावरून खाली पाहिलं. खाली दोन म्हातारे होते आणि एक तांबड्या टोकाची खुंटी होती.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोंडाजी चरात उभा राहिला, डोक्यावरची माती झटकली आणि हात जोडले. "सायेब, जमीन सरकत न्हाई," तो म्हणाला. "आमी सरकवली. आमाला वाटलं, तुमी जमीन न्यायला आलाय. फुकट कोन करतंय हो कुनासाठी? आमचं चुकलं. मला काय बी म्हना, पर माज्या लेकीला छप्पर द्या."

दिवेकरने वही मिटली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत होता. सरांचा चेहरा लाल झाला होता. कोंडाजीला वाटलं, आता फौजदार येणार. पण सर रागावले नव्हते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे अजून कोणाला सांगितलंत?"

"न्हाई जी."

"सांगू नका. तीन पानांचा अहवाल पाठवलाय मी पुण्याला. सरकत्या मातीवर."

मग तेही चरात उतरले, चारही बाजूंनी हिंडले, आणि म्हणाले, "पाया खडकापर्यंत गेलाय. दुसरा खणायला वेळ नाही, पत्रे एकाच घराचे. दोघं भाऊ एका छपराखाली राहाल का? मधे एक भिंत घालू. दार या अंगाला एक, त्या अंगाला एक."

"भिंत कुटनं जाईल?" दोघांनी एकदम विचारलं.

"या लिंबाच्या अलीकडून. दोन हात रुंद दगडी भिंत."

भांडणाची जमीन नेमकी दोन हात होती. ती भिंतीखाली गेली, आणि भांडायला काही उरलं नाही. सहा दिवसांत जोडघर उभं राहिलं. कोंडाजी स्वतः दगड वाहत होता, भिमाजी चिखल तुडवत होता. शेवटच्या दिवशी दोन चुलींवरच्या दोन भाकऱ्यांचे पोरांनी ऐंशी तुकडे केले. दिवेकर पाया पडायला वाकला तेव्हा कोंडाजीने त्याला उराशी धरलं. आपण या पोरांवर संशय घेतला याची लाज त्याला एवढी वाटली की डोळ्यांतलं पाणी हटेना.

निघताना सर म्हणाले, "बाबा, तो पहिला अहवाल आता मला दुरुस्त करावा लागणार."

"करा की सायेब! चांगलं ठासून लिवा. म्हनावं, उंबरवाडीच्या माळाची जमीन लई घट्ट हाय. चार फुटावर खडक. कायबी उभं करा, तसूभर हलनार न्हाई."

"तसंच लिहितो," सर म्हणाले, आणि शब्दाला जागले.

पौषात हौसा आली. नव्या घरात, पक्क्या छपराखाली, तिला मुलगा झाला. कोंडाजी अंगणात बाज टाकून नातवाला ऊन दाखवत बसे, आणि भिमाजी भिंतीच्या पलीकडून विचारी, "निजला का रं?" कोंडाजीचा स्वभाव या तीन महिन्यांत एवढा निवळला होता की सोजराबाईलाच कधी कधी त्याचा संशय येई.

अशात एके दिवशी सकाळी सडकेवर जीप थांबली. पाच माणसं उतरली. त्यांच्यापाशी टेप होती, तीन पायांवरची दुर्बीण होती, तांबड्या टोकाच्या खुंट्यांचा भारा होता. कोंडाजी बाजेवरून ताडकन उठला.

"या या, पोरांनो!" तो म्हणाला. "अगं, च्या टाक. भिमा, पोरं आली!"

आलेल्या माणसांना एवढ्या आगतस्वागताची सवय नसावी. ती थोडी बिचकलीच. पण कोंडाजीने कोणाचं ऐकलं नाही. गुळाचा चहा पाजला. टेपचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं भिमाजीला दिलं. खुंट्या त्याने दुसऱ्या कोणाला ठोकूच दिल्या नाहीत. घरातून पहार आणून हातहातभर भोकं पाडली, खुंट्या पार तळापर्यंत बसवल्या, आणि भिमाजीने प्रत्येकीभोवती दगडाची चीप ठोकली. दोघांच्याही पट्ट्यांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अशा चोवीस खुंट्या बसल्या.

"आता हलनार न्हाईत," भिमाजी घाम पुसत म्हणाला. "आमाला म्हाईत हाय, हलल्या की किती घोळ हुतो."

सोजराबाई कपबशा न्यायला आली होती. तिने खुंट्यांची रांग पाहिली. "एवढं मोठं कुनाचं घर हो?" तिने साहेबाला विचारलं.

"घर नाही, आजी," साहेब म्हणाला. "कारखाना. पुण्याच्या एका प्राध्यापकांचा अहवाल आलाय वर. या सगळ्या भागात तुमच्या माळाइतकी घट्ट जमीन नाही म्हणे."

आत पाळण्यात नातू रडायला लागला. भिमाजीने चोवीस खुंट्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मग चुलतभावाकडे पाहिलं. कोंडाजीने खाली ठेवलेली पहार हळूच उचलून आपल्या पायाशी ओढली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला,

"बरं सायेब, तुमी दोनपारच्याला जेवाय कितीला जाता?"